द्राक्षबागेत गाणी आणि नाच: पहिल्यांदाच जाताय तर हे वाचून जा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तुम्ही शेतात चाललाय. तिकिटाच्या जाहिरातीत दिव्यांच्या माळा असतात, हातात ग्लास असतो, मागे सूर्य बुडत असतो आणि आपल्याला वाटतं हा हॉलच आहे, फक्त छप्पर काढलेला. तसं अजिबात नाहीये. पायाखाली माती आहे, कुठेतरी ठिबकची नळी आडवी गेलीय, जमिनीला उतार आहे, रात्री दव पडणारे, आणि ज्या वेलींना टेकून तुम्ही फोटो काढणार त्यांच्यावर कोणाचं तरी वर्षभराचं पोट आहे. मी पहिल्यांदा गेले ती बारीक टाचेच्या सँडल घालून. पार्किंगपासून स्टेजपर्यंत पावलागणिक टाच रुतायची, उपसून काढायची, परत रुतायची, शेवटी वैतागून अनवाणी नाचले आणि तेही दोनच गाणी, कारण तिसऱ्या गाण्याला टाचेत खडा घुसला. तेव्हापासून जी कोणी मैत्रीण विचारते "काय तयारी करू गं" तिला मी हे सगळं फोनवर सांगते, आता लिहूनच काढलं.

पायरी १: तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या

फोन करा किंवा मेसेज टाका, पण विचारा. नाचायची जागा कशी आहे, फळ्या टाकून फ्लोअर केलाय की गवतावरच? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सगळी संध्याकाळ त्याच्यावरच अवलंबून असते. मग बसायला खुर्च्या आहेत का आपली चटई न्यायची, बाहेरचं खाणं आणि पाणी आत नेऊ देतात का, पाऊस आला तर कार्यक्रम आत हलवतात की पैसे परत देतात, परतीला गाडी मिळते का, लहान मुलं चालतात का. एवढं पुरे.

बाग त्या दिवसांत कशी दिसत असेल तेही विचारा, हो, खरंच विचारा. द्राक्षवेल वर्षभर सारखी दिसत नाही. छाटणी झाल्या झाल्या नुसते तपकिरी ओंडके आणि तारा दिसतात, हिरव्यागार फोटोच्या आशेने गेलेली माणसं हिरमुसतात. मण्यांचा रंग फिरायला लागतो तेव्हा एकाच घडात हिरवे, गुलाबी, जांभळे मणी एकत्र दिसतात, ते बघण्यासारखं असतं. काढणीच्या दिवसांत वास भारी येतो पण ट्रॅक्टर फिरत असतात आणि गोडाला लागलेल्या गांधीलमाश्या पण, त्यामुळे कोणाला त्याची ॲलर्जी असेल तर तारीख बदला.

पायरी २: चपला, मग कपडे, याच क्रमाने

लोक आधी ड्रेस ठरवतात आणि मग त्यावर चपला शोधतात. उलटं करा. गवतावर नाचायचं असेल तर सपाट किंवा रुंद टाचेचं, मागून पट्टा किंवा बंद असलेलं काहीतरी घाला, जे पायातून निसटणार नाही. चामड्याचा गुळगुळीत तळ दव पडल्यावर साबणासारखा घसरतो. त्याउलट खोल खाचांचे रबरी तळाचे स्पोर्ट शूज जमीन इतकी घट्ट धरतात की तुम्ही गिरकी घेता, अंग फिरतं, पाय तिथेच राहतो आणि पीळ सगळा गुडघ्यात जातो. म्हणून मध्यम, झिजलेल्या तळाचे जुने कॅनव्हास शूज माझ्या मते सगळ्यात बेस्ट. दिसायला साधे आहेत, पण अंधारात तुमचे पाय कोण बघतंय.

कपड्यांचं सांगायचं तर दुपारी निघताना जे पुरेसं वाटतं ते रात्री ९ ला कमी पडणार. उघड्या आकाशाखाली, ढग आणि वारा नसेल तर जमीन आपली उष्णता भराभर सोडते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि दव पडायला लागतं. म्हणजे जी रात्र चांदण्यांनी सुंदर दिसतेय तीच जास्त गार आणि ओली असते. नाचताना घाम येणार, मग बसल्यावर तोच घाम गार पडणार, म्हणून एक जाड थर वेगळा ठेवा जो नाचताना काढून ठेवता येईल. लांब घोळदार स्कर्ट दिसतो छान पण वेलींच्या ओळीत शिरलात की तारेत अडकतो, अनुभव आहे, दोन जणी मिळून सोडवत होतो आणि बँड मस्त वाजवत होता.

पायरी ३: पिशवीत काय

खालून प्लास्टिक किंवा रबर लावलेली सतरंजी (नुसती कापडी नको, तासाभरात बूड ओलं होतं), पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, छोटी टॉर्च, डास पळवायचं क्रीम, टिश्यू, ओळखपत्र आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट का, तर गर्दी झाली की तिथलं नेटवर्क मान टाकतं आणि गेटवर तिकीट उघडत नाही, मागे रांग लागते, सगळे तुमच्याकडे बघतात. ऊन असताना पोचणार असाल तर आधी सनस्क्रीन लावा, ते मुरू द्या, त्यावर डासांचं क्रीम. डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं घेत असाल तर २० ते ३० टक्क्यांचं संध्याकाळभर पुरतं. अत्तर, सेंट घरीच ठेवा, गोड वासाला माश्या येतात.

आणि कानात घालायचे बोळे. हसू नका. आवाज १०० डेसिबलच्या आसपास असेल तर सुरक्षित वेळ साधारण १५ मिनिटांचीच मानतात, आणि स्पीकरच्या पुढ्यात नाचणाऱ्याला तेवढा आवाज सहज मिळतो. लहान मुलं असतील तर त्यांचे कान झाकणारे मफ न्याच.

पायरी ४: कधी पोचायचं

सूर्यास्ताच्या निदान दीड तास आधी. कार्यक्रम ७ ला आहे म्हणून ७ ला पोचणारे लोक पैसे पूर्ण देतात आणि अर्धीच संध्याकाळ बघतात. उजेडात पोचलात की पार्किंग, टॉयलेट, पाण्याचा नळ, बाहेर पडायचा रस्ता हे सगळं डोळ्यांनी बघून ठेवता येतं, अंधारात सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. गाडी तोंड बाहेर करून लावा आणि शेजारची एखादी खूण लक्षात ठेवा. झाड, खांब, टाकी, काहीही. शेजारची पांढरी गाडी ही खूण नव्हे, ती तुमच्या आधी निघून जाते.

गेटवर कधीकधी बूट पुसायला सांगतात किंवा औषधाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवायला लावतात. कटकट करू नका. फिलॉक्सेरा नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा द्राक्षाच्या मुळांवर जगतो, त्याने १८६० च्या दशकापासून पुढे युरोपातल्या बागाच्या बागा मारल्या, आणि तो बुटाला चिकटलेल्या मातीतूनसुद्धा एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. तुम्ही मागच्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्या बागेत त्याच बुटांनी फिरून आला असाल तर घरूनच धुऊन या.

पायरी ५: जागा पकडा, आणि इथे जरा डोकं लावा

नवीन माणूस हमखास स्टेजच्या समोर, अगदी पुढे, उताराच्या तळाशी सतरंजी टाकतो. तिथे तीन त्रास. एक, गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत येते आणि तळाला साचते, त्यामुळे सगळ्यात गार आणि सगळ्यात ओली जागा तीच. दोन, नाचायला सुरुवात झाली की सगळी गर्दी तिथेच येते, तुमच्या सतरंजीवर लोकांचे बूट पडतात. तीन, आवाज. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे स्पीकरपासून ५ मीटरवरून १० मीटरवर सरकलात तरी कानाला फरक कळतो, गप्पा मारता येतात आणि गाणं अजून नीट ऐकू येतं.

मला आवडते ती जागा उताराच्या मध्यावर, दोन्ही स्पीकरच्या साधारण मधल्या रेषेत, साउंडवाल्याच्या टेबलाच्या जवळपास. तो माणूस आपल्या कानाने आवाज जुळवत असतो, त्यामुळे त्याच्या आसपास आवाज हमखास नीट असतो. जनरेटर कुठे आहे तेही बघा, आणि खाण्याच्या स्टॉलचा धूर वाऱ्याने कुठे जातोय तेही. मागे उंच पाठीच्या खुर्च्या घेऊन बसू नका, मागच्याला तुमचं डोकं आणि खुर्चीच दिसते.

अजून एक गंमत, फार मागे बसलात तर ढोलकाठी आधी खाली येताना दिसते आणि ठोका मग ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ५० मीटर मागे बसलेल्याला तो जवळजवळ ०.१५ सेकंद उशिरा मिळतो. ऐकायला काही बिघडत नाही, पण तिकडे नाचताना बँडकडे बघून ताल धरायला गेलात तर चुकाल. डोळे मिटा, कानाने धरा.

पायरी ६: बागेत फेरी, हात खिशात

उजेड आहे तोवर एक फेरी मारून या, परवानगी असेल तिथेच. दोन ओळींमधून सरळ चालायचं, ओळ ओलांडायला तारांखालून वाकून घुसायचं नाही, तार ताणलेली असते आणि डोळ्याच्या उंचीवर असते. घड तोडायचे नाहीत. वाइनची द्राक्षं बाजारातल्या खायच्या द्राक्षांपेक्षा लहान, जाड सालीची, बियांची असतात, तोंडात टाकलीत तरी अर्धा वेळ बिया थुंकण्यातच जातो, आणि वर फवारणी झालेली असू शकते ती वेगळीच.

त्यावरून आठवलं. पानांवर निळसर पांढरे डाग दिसले तर ते बहुतेक बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी हे शिंपडायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून, आणि मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा, म्हणजे पानांवर येणारा बुरशीचा रोग, कमी आहे. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. म्हणजे जगभर वापरलेलं हे औषध फुकट द्राक्षं खाणाऱ्यांच्या कृपेने सापडलं, पण म्हणून तुम्ही खाऊ नका.

पायरी ७: ग्लास

पीत नसाल तर काही बिघडत नाही, संगीताला आलोय आपण. पीत असाल तर रिकाम्या पोटी सुरुवात करू नका, आणि हिशोब ठेवा. १५० मिलीच्या एका ग्लासात १२ टक्क्यांची वाइन असेल तर साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि शरीर तासाला अंदाजे ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. म्हणजे एक ग्लास उतरायला दीड ते दोन तास. कॉफी, गार पाणी, नाचून घाम काढणं, कशानेही ते लवकर होत नाही. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, कारण नाचताना आपण तहान लागली की जे हातात आहे तेच पितो आणि हातात वाइन असते.

पांढरी वाइन गार, ८ ते १२ अंशावर बरी लागते आणि बाहेर ती लवकर कोमट होते, म्हणून थोडी थोडी घ्या. ग्लासावर रुमाल किंवा कोस्टर ठेवा, आत माशी पडते आणि अंधारात दिसत नाही. ग्लास गवतावर ठेवायचा नाही. ठेवलाच तर सतरंजीच्या मधोमध, काठावर नाही. नाचायच्या जागी तर ग्लास घेऊन जायचंच नाही, फुटलेली काच गवतात सापडत नाही आणि कोणीतरी अनवाणी असतंच.

पायरी ८: नाच

आता खरा विषय. नाचता येत नाही म्हणून ९० टक्के लोक सतरंजीला चिकटून बसतात असं म्हणणार होते, पण मोजलं कोणी नाहीये, मी आपली माझ्या सतरंजीवरून सांगतेय. तर येत नसेल तरी असं करा.

बँड बहुतेक वेळा ४५ मिनिटं ते तासभर वाजवतो, मग १५-२० मिनिटं थांबतो. पहिल्या भागात गाणी संथ, लोक खात असतात, त्यात नाचायची घाई करू नका. बसल्या बसल्या पायाने ठेका धरा. ठेका सापडत नसेल तर गायकाकडे लक्ष देऊ नका, गायक मागेपुढे खेळत असतो. बेस गिटार आणि मोठा ड्रम ऐका, पोटात जो धप्प लागतो ना, तो. तो सापडला की उभं राहून जागच्या जागी चालायला लागा, डावा, उजवा, डावा, उजवा, वजन पूर्ण एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं. बस. एवढं जमलं तरी तुम्ही नाचताय, बाकीचं सगळं याच्यावरची सजावट आहे.

मग मोजून बघा. तीन-तीनचे गट पडत असतील, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एकावर जोर, तर तो वॉल्ट्झ. दादरा ज्यांच्या कानात मुरलाय त्यांना हे लगेच सापडतं. चार-चारचे गट असतील तर बहुतेक सगळं बाकीचं. साल्सा आठ मोजून असतो पण पावलं सहाच, एक दोन तीन, चारला थांब, पाच सहा सात, आठला थांब. नवा माणूस थांबायचं विसरतो आणि बरोबर तिथेच जोडीदाराच्या पायावर पडतो. बचाटा सोपा, तीन पावलं बाजूला आणि चौथ्याला नुसता टोकाने टेकवायचा, मग उलट दिशेला. पहिल्यांदा शिकायला मी बचाटाच सांगेन, पुढेमागे जावं लागत नाही आणि गवतावर पाय घासावा लागत नाही.

गवतावरचा नियम वेगळा आहे, लक्षात ठेवा. पावलं छोटी. गिरकी पाय रोवून घ्यायची नाही, तीन-चार छोटी पावलं उचलून टाकत गोल फिरायचं, दिसायला गिरकीच दिसते. गुडघे किंचित वाकलेले ठेवा, खड्डा आला तर तेच सांभाळून घेतात. जोडीदाराला खाली झोकवायचं, उचलायचं वगैरे प्रकार नको, जमीन सपाट नाहीये. नाचायच्या आधी तेवढा तुकडा पायाने चाचपून घ्या, मी तर टॉर्च मारून बघते, दगड, दिव्याची वायर, तंबूची दोरी बांधलेली खुंटी, सगळं सापडलंय मला.

कोणाला विचारायचं असेल तर समोर जाऊन, हात पुढे करून, सरळ "नाचायचं का?" असं विचारा. "नाही" आलं तर हसून "ठीक आहे" आणि विषय संपला, कारण विचारायचं नाही, पाच मिनिटांनी परत यायचं नाही. एका गाण्यापुरतं विचारलंय, गाणं संपलं की थँक्यू म्हणून सोडायचं. वॉल्ट्झसारख्या फिरत जायच्या नाचात सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तुम्ही मध्येच उभं राहून आठवायला लागलात तर मागून धक्का बसतो. आठवायचं असेल तर मधोमध सरका, कडा फिरणाऱ्यांना सोडा.

माझी आत्या एकदा आली होती, गुडघे दुखतात म्हणून खुर्ची सोडणार नाही असं बजावून. दुसऱ्या भागात तिने खुर्चीत बसूनच खांदे आणि हात हलवायला सुरुवात केली, शेजारच्या अनोळखी आजींनी तिचं बघून तसंच केलं, मग त्यांच्या मागची ओळ, आणि शेवटच्या गाण्याला उताराच्या त्या बाजूला दहा-बारा बायका बसल्या जागी एका तालात डुलत होत्या. समोर उभं राहून नाचणाऱ्यांपेक्षा त्यांचा ठेका पक्का होता. तर गुडघ्याचं कारण चालत नाही.

पायरी ९: मधली सुट्टी आणि दिवे

टॉयलेटला बँड थांबल्यावर जाऊ नका, तेव्हा सगळेच जातात. सुट्टीच्या दोन गाणी आधी जा. सुट्टीत वादक सूर जुळवत असतील तर बघा जाऊन लांबून, फार मजा असते. गारवा वाढला की गिटारच्या तारा आकसतात आणि सूर चढतो, आणि सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बासरी यांच्यातली हवा गार झाली की त्यांचा सूर उतरतो. म्हणजे एकाच स्टेजवर अर्धी वाद्यं वर चाललीत आणि अर्धी खाली. एका बँडच्या सॅक्सोफोनवाल्याला मी वाद्य जॅकेटच्या आत, छातीशी धरून बसलेला बघितलंय, मांजराचं पिल्लू धरावं तसं. त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये ते टुंग टुंग करत बसले तर ओरडू नका, ते तुमच्यासाठीच चाललंय.

मोबाइलचा टॉर्च कोणाच्या तोंडावर मारू नका. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एका झोताने सगळं पाण्यात. टॉर्च कायम जमिनीकडे.

पायरी १०: निघताना

कार्यक्रम ठरल्या वेळेला संपतो, "वन्स मोअर" ओरडून फार वाढत नाही. रात्री जमिनीलगत गार हवा आणि वर कोमट हवा असा थर बसला की आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि फार लांब जातो, त्यामुळे दोन डोंगर पलीकडच्या माणसालासुद्धा तुमचं शेवटचं गाणं ऐकू येत असतं आणि त्याला झोपायचं असतं.

गाडी कोण चालवणार ते घरून निघतानाच ठरवा, तिथे नाही, आणि त्याने एक थेंबही घ्यायचा नाही. निघायला दोनच चांगल्या वेळा, शेवटच्या गाण्याच्या आधी किंवा सगळे गेल्यावर अर्ध्या तासाने. मी दुसरी निवडते. लोक गाड्यांच्या रांगेत हॉर्न वाजवत असतात आणि आम्ही सतरंजीवर उरलेलं पाणी पीत बसलेलो असतो, दिवे एकेक करून विझतात, स्टेजवर वायरी गुंडाळणं चालू असतं आणि कोणीतरी उगाच पियानोच्या दोन पट्ट्या दाबून बघतो. कचरा उचला, बाटल्यांची बुचं शोधून उचला, सकाळी तिथे कोणीतरी कामाला येणारे.

घरी पोचल्यावर कितीही झोप आली तरी सतरंजी घडी करून ठेवू नका. ती खालून ओली असते आणि दोन दिवसांत तिला असा काही वास येतो की काय सांगू. दोरीवर टाका, बुटांची माती ओली असतानाच धुवा, आणि पोटऱ्या दुखतील त्यावर गरम पाणी.